शेतीला परदेशी मदत: पाटीवरची नावं आणि पाटीमागच्या अटी

माहुलीच्या पायथ्याशी किंवा मुरबाडवरून माळशेजकडे जाताना एखाद्या पाड्यावर ओढ्यात बांधलेला सिमेंटचा बंधारा दिसतो. शेजारी पाटी असते. पाटीवर शहरातला एखादा रोटरी क्लब, त्याखाली जर्मनीतला किंवा अमेरिकेतला दुसरा क्लब, एक फाउंडेशन, गावात प्रत्यक्ष राबलेली संस्था आणि तळाशी उरलेल्या जागेत ग्रामपंचायत. ट्रेकला निघालेले आपण ठाणेकर, डोंबिवलीकर, ऐरोलीकर तिथे पाणी पितो, फोटो काढतो आणि पुढे जातो. फार तर कुणीतरी म्हणतं, "परदेशातनं पैसा येतो बघ, मधले खातात." त्यावर दुसरा म्हणतो, "असं काही नाही रे, एवढ्या लांबून लोक करतात हेच खूप."

दोघांचंही थोडं थोडं खरं असू शकतं, पण त्यातून कळत काहीच नाही. विचारायला हवं ते वेगळंच: हा पैसा कोणत्या अटीवर आला? परदेशी मदतीचा विषय अवघड वाटतो तो संस्थांच्या आद्याक्षरांमुळे. ती बाजूला ठेवून अट तेवढी शोधली, तर गुंता बराच सुटतो. कोणती मदत मुरली आणि कोणती पाटीपुरती राहिली, याचा पत्ताही बहुतेक वेळा अटीतच लागतो.

मदत येण्याच्या ढोबळ वाटा तीन. एक अनुदानाची, म्हणजे परत न करायच्या पैशाची. दुसरी सवलतीच्या कर्जाची: व्याज कमी, फेडीची मुदत लांब, सुरुवातीची काही वर्षं मुद्दल मागत नाहीत. नवी मुंबईकर ज्या अटल सेतूवरून शिवडीला उतरतात, त्याचा मोठा खर्च जपानच्या जायका या संस्थेच्या अशाच कर्जातून झाला. तिसऱ्या वाटेने पैसा येतच नाही. येतं ते बियाणं, एखादी पद्धत किंवा जिवंत माणूस.

वर्तमानपत्रात 'जागतिक बँकेची मदत' असं छापून येतं तेव्हा ते बहुधा कर्ज असतं. राज्यातला बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प, ज्याला सगळे 'स्मार्ट' म्हणतात, तो २१०० कोटींचा. त्यातले १४७० कोटी जागतिक बँकेच्या कर्जाचे, ५६० कोटी राज्याचे, ७० कोटी कंपन्यांच्या सामाजिक निधीचे. फळं, भाजीपाला आणि फुलांसाठी असलेल्या मॅग्नेट प्रकल्पाला आशियाई विकास बँकेने २०२१ मध्ये १० कोटी डॉलरचं कर्ज दिलं. पिकांच्या यादीत भेंडी, मिरची आणि चिकू असल्यामुळे ठाणे-पालघरकडच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांचाही त्याच्याशी संबंध येतो.

गावात बैठक झाली की पहिला प्रश्न येतोच: "साहेब, हे फेडायचं कुणी?" सरळ उत्तर असं की शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर या कर्जाचा बोजा चढत नाही. कर्ज केंद्र सरकार घेतं, राज्याकडे वळवतं आणि फेड सरकारी तिजोरीतून होते. म्हणजे भार तुमच्या-माझ्या करावर. मात्र शेतकऱ्यासाठी अट निराळी आहे. 'स्मार्ट'मध्ये शेतकरी उत्पादक कंपनीला प्रकल्प खर्चाच्या साधारण ६० टक्के अनुदान मिळतं. उरलेले ४० टक्के कंपनीने उभे करायचे, सभासदांच्या भागभांडवलातून किंवा बँकेकडून. गोदाम, प्रतवारी यंत्र, शीतगृह असल्या खर्चात ४० टक्के ही चेष्टा नव्हे. एकर-दीड एकर भातखाचर आणि थोडी वरकस जमीन असलेल्या शहापूरच्या कुटुंबांनी शंभर-दोनशे सभासद गोळा केले, तरी बँकेच्या दारात त्यांची पत कितपत उभी राहणार? ही अट चुकीची आहे असं मी म्हणत नाही. स्वतःचा पैसा गुंतला की माणूस यंत्राला गंज चढू देत नाही. फक्त अशा योजनेला 'गरीब शेतकऱ्यासाठी मदत' म्हणू नये. ती थोडं जमलेल्या शेतकऱ्याला वर उचलणारी योजना आहे.

अट बदलली की माणसंही बदलतात, याचं उदाहरण लांब शोधावं लागत नाही. बहुतेक शेतीयोजना सातबारा मागतात आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव क्वचित असतं. भाताची लावणी, बेणणी, कापणी यांतलं निम्म्याहून जास्त काम तिचं, पण कागदावर ती शेतकरी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालचा रोमचा कृषी विकास निधी, ज्याला आयफॅड म्हणतात, त्याच्या कर्जातून महिला आर्थिक विकास महामंडळाने म्हणजे 'माविम'ने २००७ पासून तेजस्विनी कार्यक्रम राबवला. तिथे पात्रता ठरली बचत गटाच्या सभासदत्वावर. गट मिळून लोकसंचालित साधन केंद्रं उभी राहिली, बँकेच्या कर्जासाठी गटाची शिस्त हेच तारण मानलं गेलं. पैसा कर्जाचाच होता. पण दार सातबाऱ्याचं नव्हतं, म्हणून आत बाया आल्या. २०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलं आहे. त्यानिमित्त भाषणं बरीच होतील, बायांच्या नावाचे फेरफार किती होतात ते तलाठ्याकडे बघावं लागेल.

रुपयांतला गहू आणि विकलेली पावडर

आता थोडं मागे जाऊ, कारण अटीचा खेळ भारत फार लवकर शिकला.

अमेरिकेने १९५४ मध्ये पीएल-४८० हा कायदा केला. तिकडे गव्हाचे डोंगर साठले होते, इकडे आपल्याला धान्य कमी पडत होतं. १९५६ मध्ये करार झाला. अट सोयीची वाटत होती: गव्हाचे पैसे डॉलरमध्ये नको, रुपयांत द्या. ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर जमा होत राहिले आणि एवढे साठले की त्यांचं करायचं काय हा दोन्ही सरकारांपुढे प्रश्न उभा राहिला. अखेर १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी १६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हाती देऊन त्यातला मोठा हिस्सा परत केला. ही झाली सौम्य बाजू. कडक बाजू १९६५-६६ च्या दुष्काळात दिसली. अध्यक्ष जॉन्सन यांनी गहू महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडायला सुरुवात केली; भारताने शेतीधोरण बदलावं आणि व्हिएतनामवरून टीका आवरावी असा त्यामागे दबाव होता. जहाज बंदरात लागेल तेव्हा चूल पेटेल, अशी स्थिती होती. रेशनच्या रांगेतला तो तांबडा गहू आणि १९७२ च्या दुष्काळातली मिलो ज्वारी अजून आठवणारी माणसं कल्याण-भिवंडीत सापडतात, आणि त्यांच्या बोलण्यात उपकाराची भावना अजिबात नसते. गाजरगवत त्याच गव्हाबरोबर देशात शिरलं असं सर्रास मानलं जातं. पन्नाशीच्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आज आपल्या घोडबंदरच्या रिकाम्या प्लॉटांवरही तेच माजलेलं असतं.

याच्या नेमकं उलट घडलं दुधात. युरोपात दूध पावडर आणि लोण्याचं तेल साठून पडलं होतं. ते जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत भारताला दान मिळणार होतं. वर्गीस कुरियन आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळापुढचा धोका उघड होता. फुकटची पावडर बाजारात ओतली तर दुधाचा भाव पडणार आणि म्हैस पाळणारा शेतकरी मरणार. म्हणून १९७० मध्ये सुरू झालेल्या ऑपरेशन फ्लडमध्ये आपण आपली अट घातली. दान घेऊ, पण फुकट वाटणार नाही. पहिल्या टप्प्यासाठी १ लाख २६ हजार टन पावडर आणि ४२ हजार टन लोणीतेल ठरलं. त्यापासून पुन्हा दूध बनवून ते मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईच्या डेअऱ्यांतून बाजारभावाने विकलं गेलं. आलेल्या पैशातून गावोगावी सहकारी दूध संघ, शीतकरण केंद्रं, टँकर उभे राहिले. मुंबईकराने प्यालेल्या त्या दुधाच्या पैशातून शेतकऱ्याची डेअरी बांधली गेली. दान खाऊन संपवायचं की त्याचं भांडवल करायचं, हे घेणारा ठरवू शकतो, हे तिथे दिसलं. अर्थात त्यावर टीकाही झाली. मोठ्या पशुपालकांना जास्त फायदा झाला, गावची मुलं दूध विकून चहाला लागली, असे आक्षेप आले. ते सगळे फेटाळण्यासारखे नाहीत. तरी पावडरीची जहाजं थांबली आणि डेअऱ्या चालू राहिल्या, ही गोष्ट साधी नाही.

एक एकराची वाडी

ठाणे जिल्ह्याच्या दृष्टीने मला सगळ्यांत बोलकी वाटते ती वाडीची गोष्ट. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला. त्याआधी जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे सगळं ठाण्यातच होतं.

मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला सुरू केलेल्या 'बायफ' या संस्थेने गुजरातेत वांसद्याच्या आदिवासी भागात वाडी नावाचा प्रयोग केला. डोंगरउताराच्या पडीक एका एकरावर आंबा आणि काजूची कलमं, मधल्या जागेत नेहमीचं पीक, बांधाच्या कडेने जंगली झाडांचं कुंपण, सोबत पाणी अडवणं, आरोग्य, बचत गट. जर्मन सरकारच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेने नाबार्डमार्फत त्याला पैसा दिला, आधी गुजरातेत वलसाड-डांगला, नंतर महाराष्ट्रात नाशिक आणि ठाणे जिल्ह्यांत.

यातली अट नीट बघा. खड्डे कुटुंबाने स्वतः खणायचे. कुंपण स्वतः करायचं. पहिले दोन-तीन उन्हाळे डोक्यावरून पाणी आणून कलमं जगवायची. आणि फळ? चौथ्या-पाचव्या वर्षी. दाता असो की घेणारा, पाच वर्षं थांबायची तयारी हवी. एरवी तीन वर्षांचा प्रकल्प, दर तीन महिन्यांनी अहवाल, अहवालात फोटो, असा मदतीचा रिवाज असतो. आंब्याला तो रिवाज ठाऊक नाही.

जव्हार-मोखाडा काय किंवा शहापूर-मुरबाड काय, दिवाळी झाली की वारली, कातकरी, ठाकूर कुटुंबं पोटासाठी खाली उतरतात. भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्या, रेतीची कामं, ठाण्या-नवी मुंबईतली बांधकामं. आपल्या टॉवरच्या पायात त्यांची मजुरी आहे. मग मार्चमध्ये कलमाला पाणी घालणार कोण? वाडीची खरी कसोटी इथे होती. ज्या कुटुंबाला एक माणूस मागे ठेवणं परवडलं, त्याची कलमं तगली. म्हणूनच मधल्या पिकाला आणि भाजीला महत्त्व आलं. दोन पैसे आधी हाती आले तर स्थलांतर दोन महिन्यांनी तरी कमी होतं. ज्यांना जमीनच नाही त्यांच्यासाठी रोपवाटिका, कोंबड्या असे वेगळे उद्योग धरावे लागले, नाहीतर गावातला तळचा माणूस कोरडाच राहिला असता.

पुढे काय झालं ते विशेष आहे. नाबार्डने २००३-०४ मध्ये स्वतःच्या नफ्यातून ५० कोटींचा आदिवासी विकास निधी काढला आणि वाडीचा नमुना इतर राज्यांत नेला. जर्मन पैसा सुरुवातीला होता. नंतर कल्पना इथल्या पैशावर चालू लागली. परदेशी मदतीचं यश मोजायचं असेल, तर मी रकमेआधी हे बघेन की दाता गेल्यावर कुणी स्वतःच्या खिशात हात घातला का.

जर्मनांच्याच मदतीने महाराष्ट्रात पाणलोटाचं मोठं काम झालं, स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने. तिथली अट आणखी कडक: आधी श्रमदान करून दाखवा, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी गावसभेत ठरवा, मग पैसा. शेळ्या पाळणाऱ्याला चराईबंदी फार जाचते, हे मात्र अशा ठरावांच्या वेळी कुणी फारसं बोलत नाही.

पद्धत येते, पैसा येत नाही

आता तिसरी वाट. भाताच्या बाबतीत ती ठाण्याच्या अगदी जवळून गेली आहे.

पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला बोरिवलीच्या कोरा केंद्रात जपानी पद्धतीच्या भातशेतीचा प्रयोग झाला आणि १९५३ पासून सरकारने देशभर तिची मोहीम काढली. गादीवाफ्यावर रोपं तयार करायची, बियाणं कमी वापरायचं, दोरी धरून ओळीत लावणी करायची, खत मोजून द्यायचं, ओळींमधून कोळपं फिरवायचं. उत्पादन वाढत होतं, यात वाद नाही. तरीही आज मे महिन्यात कसाऱ्याच्या पुढे गाडीतून बघा, ठिकठिकाणी राब भाजलेला दिसेल: शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत पसरून जमीन जाळायची आणि पाऊस पडला की तिथेच बी फेकायचं.

शहरातून गेलेला माणूस म्हणतो, लोक सुधारायला तयार नाहीत. पण राब भाजल्याने तणाचं बी मरतं, राख मिळते आणि रोकड एक पैसा लागत नाही. जपानी पद्धतीला खत विकत आणावं लागे आणि दोरीवर लावायला मजूर जास्त लागत. जुलैत आवण म्हणजे लावणीची रोपं तयार झाली आणि पाऊस लागला की चार-आठ दिवसांत लावणी उरकायची असते; त्या दिवसांत मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. पद्धतीसोबत आलेली अट कुठल्याच पत्रकावर छापलेली नव्हती: हाती रोकड आणि वेळ हवा. ज्यांच्याकडे दोन्ही होतं त्यांनी ती उचलली. बाकीच्यांनी त्यातलं एक-दोन उचललं, चुडात म्हणजे एका ठिकाणी लावायच्या जुडीत रोपं कमी धरली, बाकी सोडून दिलं. मला हा व्यवहारीपणा वाटतो, अडाणीपणा नाही.

बियाण्याचं उलट झालं. फिलिपाइन्समधली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था १९६० मध्ये फोर्ड आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर उभी राहिली. १९६६ मध्ये तिने आयआर-८ हा बुटका भात दिला. इंडोनेशियाचा 'पेटा' आणि तैवानकडचा एक ठेंगणा वाण यांचा तो संकर. त्याचं वैशिष्ट्य एवढंच की खत घातलं तरी ताट लोळत नाही. भारतीय संशोधकांनी तो तसाच न ठेवता त्यावर पुढे काम केलं. रत्ना हा वाण आयआर-८ पासून निघाला आणि १९६८ च्या जया या वाणात तैवानच्या ठेंगण्या भाताचं रक्त आहे. गव्हातही तेच: मेक्सिकोतून १९६६ मध्ये १८ हजार टन बियाणं आणलं आणि कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्या त्या वाणांवर पंजाब उभा राहिला. बियाणं असं होतं की शेतकरी ते घरात ठेवून पुढच्या वर्षी पेरू शकत होता, शेजाऱ्याला देऊ शकत होता. या मोकळेपणामुळे ते पसरलं. त्याची किंमतही मोजावी लागली. कितीतरी गावठी वाण खाचरांतून गेले, आणि वाडा कोलमला भौगोलिक मानांकन मिळवून जपण्याची वेळ आली. आजचं जग तेवढं मोकळं नाही. एका देशाचं बियाणं दुसऱ्या देशात न्यायचं तर आंतरराष्ट्रीय करार आणि परवानग्या लागतात.

आणि एक उदाहरण माझ्या आवडीचं, कारण त्यात माणूस आपल्याकडचा आहे. डॉ. नारायण सावंत हे अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात संशोधन करत होते. युरिया खाचरात फेकला की बराचसा पाण्याबरोबर वाहून जातो किंवा हवेत उडून जातो. त्यांनी युरियाच्या दाबून केलेल्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध चिखलात खोल खुपसायच्या पद्धतीवर काम केलं. बांगलादेशात ही गोळी लाखो शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली. इकडे कोकणात त्यातून चारसूत्री भातलागवड आली: भाताच्या तुसाची राख किंवा पेंढा, गिरिपुष्पाचा पाला, ठरलेल्या अंतरावर लावणी आणि ही गोळी. पहिली दोन सूत्रं बिनपैशाची, घरची. म्हणून जपानी पद्धतीपेक्षा तिचं जुळलं. पण गोळी खुपसायची वाकून, हाताने, प्रत्येक चौकोनात. पुन्हा मजूर आला, पुन्हा बाईची पाठ आली.

माणसं येतात, माणसं जातात

देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांबद्दल आपल्याकडे दोन टोकाच्या कल्पना आहेत. एक, की गोरा तज्ज्ञ येऊन शिकवतो. दोन, की परदेश दौरा म्हणजे मजा. दुसरी कधीकधी खरी असते, ते सोडा.

अमेरिकेचा 'फार्मर टू फार्मर' हा कार्यक्रम १९८५ च्या शेती कायद्यातून आला. तिकडचा अनुभवी शेतकरी किंवा पशुवैद्य दोन ते चार आठवडे दुसऱ्या देशात जाणार, प्रवास-मुक्कामाचा खर्च मिळणार, पगार नाही. पुढे त्याला जॉन ओगोनोवस्की यांचं नाव दिलं गेलं. हे मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी आणि विमानाचे कप्तान. कंबोडियातून निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबांना त्यांनी आपल्या शेतात जमीन कसायला दिली होती. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळवलेल्या पहिल्या विमानाचे कप्तान तेच होते.

बिनपगारी, थोड्या दिवसांचा पाहुणा, या अटीचा फायदा असा की कंत्राटी सल्लागारासारखं त्याचं पोट त्या सल्ल्यावर नसतं. तोटा असा की तीन आठवड्यांत त्याला पावसाळा किंवा उन्हाळा यांपैकी एकच दिसतो. जुलैत मुरबाडला आलेल्या माणसाला सांगून पटत नाही की याच गावात एप्रिलमध्ये टँकर येतो. आणि भातसा-तानसा ही धरणं शेजारच्या शहापूर तालुक्यात असून पाणी मुंबईला जातं, हे तर आपल्यालाही पटायला जड जातं.

वाहतूक आता एकाच दिशेने नाही. भारताने १९६४ मध्येच आयटेक कार्यक्रम काढून आफ्रिका-आशियातल्या लोकांना इथे शिकवायला सुरुवात केली. हैदराबादच्या 'मॅनेज' या शेती-प्रशिक्षण संस्थेत २०१६ पासून अमेरिकेच्या पैशाने आफ्रिकी शेतीअधिकाऱ्यांना भारतीय प्रशिक्षक शिकवत होते. पैसा एकाचा, ज्ञान दुसऱ्याचं, शेत तिसऱ्याचं. याला त्रिकोणी सहकार्य म्हणतात, आणि मला ते बरं वाटतं, कारण केनियातल्या दोन एकरवाल्याला आयोवापेक्षा आपला दोन एकरवाला जवळचा. दापोलीत कोकण कृषी विद्यापीठात इस्रायलच्या सहकार्याने हापूसचं केंद्र आहे. जुन्या, उंच वाढून फळ कमी झालेल्या झाडांची छाटणी करून त्यांना पुन्हा फळतं करणं हा तिथल्या कामाचा मोठा भाग.

भारत आता घेणारा कमी आणि देणारा जास्त होत चालला आहे. २००३ मध्ये सरकारने छोट्या देशांची थेट सरकारी मदत घेणं थांबवलं, ब्रिटनची आर्थिक अनुदानं २०१५ मध्ये संपली. मोठा धक्का २०२५ मध्ये बसला: अमेरिकेने जानेवारीत परदेशी मदत गोठवली आणि १ जुलैला यूएसएड ही संस्था मदत देण्यापुरती बंद झाली, उरलेलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. जगभरचे कितीतरी कार्यक्रम हंगामाच्या मधेच थांबले. एका देशाच्या निवडणुकीवर दुसऱ्या देशातलं खाचर अवलंबून असणं, ही अट कोणत्याच करारात लिहिलेली नसते.

पैसा पाड्यापर्यंत कसा पोहोचतो

पाटीवरच्या क्लबांची अट मात्र लिहिलेली असते. रोटरी फाउंडेशनचं जागतिक अनुदान हवं असेल तर प्रकल्प किमान ३० हजार डॉलरचा, म्हणजे पंचवीस लाखांहून मोठा हवा. दोन देशांतले दोन क्लब हवेत. आणि आधी गावाची गरज तपासून लिहून द्यावी लागते. म्हणून एकाच ओढ्यावरचा छोटा बंधारा सहसा एकटा येत नाही, चार-सहा गावांची कामं एकत्र बांधली जातात. कधी गरज लहान असते आणि अनुदानाच्या मापाने मोठी केली जाते. पावसाळा संपताना सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून गावकरी जो वनराई बंधारा घालतात, त्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि त्यावर वाल, हरभरा, भाजी निघते. पण त्याला पाटी लावता येत नाही आणि तो दरवर्षी घालावा लागतो.

परदेशातला पैसा स्थानिक संस्थेने घ्यायचा तर परकीय योगदान नियमन कायदा, बोलीभाषेत एफसीआरए, लागू होतो. मूळ कायदा १९७६ चा, आताचा २०१० चा, आणि २०२० च्या दुरुस्तीने तो बराच आवळला गेला. नोंदणी हवी आणि ती दर पाच वर्षांनी नव्याने करायची. पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा, संस्था डोळखांबची असली तरी. प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. आधी ही मर्यादा ५० होती. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन वर्षांत तिने आपल्या कामावर १५ लाख खर्च केलेला हवा.

सगळ्यांत मोठा बदल मात्र असा की एका संस्थेने आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी मुंबईतली मोठी संस्था दात्याशी इंग्रजीत पत्रव्यवहार करायची, हिशेब ठेवायची आणि शहापूरच्या चार-पाच कार्यकर्त्यांच्या गटाला काम द्यायची. ती साखळी तुटली. गैरव्यवहार रोखायला नियम हवेत, 'मधले खातात' हा संशय अगदीच हवेतला नाही. पण त्यात मधला तेवढा गेला नाही, खालचाही गेला. मोठ्या संस्था आता थेट पाड्यावर येतात, आणि त्यांच्या माणसाला कातकरी बोलीतलं पाऊण बोलणं कळत नाही.

जाता जाता तरुणांसाठी एक गोष्ट, कारण हल्ली वाशी-बेलापूरच्या पट्ट्यात 'जपानमध्ये शेतीचं प्रशिक्षण', 'इस्रायलमध्ये शेतीची इंटर्नशिप' अशा जाहिराती सतत दिसतात. यातले काही मार्ग खरे आहेत. जपानच्या तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजनेचा भारताशी करार २०१७ चा, आणि शेतीसह काही क्षेत्रांतल्या कुशल कामगारांसाठीचा २०२१ चा. पण हे सरळ काम आहे, अभ्यासदौरा नव्हे. हरितगृहात दिवसभर टोमॅटो तोडायचे असतात. प्रशिक्षणार्थ्याला मालक बदलता येत नाही, यावर जपानमध्येच इतकी टीका झाली की २०२४ मध्ये ती योजना बदलणारा कायदा करावा लागला; नवी व्यवस्था २०२७ पासून लागू व्हायची आहे. या योजनेत माणसं पाठवणाऱ्या संस्थेला राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाची मान्यता लागते. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो, तो उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही, आणि त्याचं नाव ई-मायग्रेट संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतं. तिथे नाव सापडेपर्यंत वाशीतल्या कुठल्याही कचेरीत बयाणा देऊ नका, मूळ पासपोर्ट तर नाहीच.